ईमेलवरची मीटिंग-आमंत्रणं आणि कॅलेंडरची सेटिंगं: एकदाच काय लावून ठेवावं?

टेरीटॉवेल | ५ मार्च २०२६, सकाळी ११.४०

मंडळी नमस्कार. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टेरी टॉवेलचा छोटा कारखाना आहे. माल बहुतेक बाहेरदेशी जातो. कारखाना काकांचा, ऑफिस आणि मेल माझ्याकडं. पूर्वी बायरचा फोन यायचा, नाहीतर एजंटाकडून निरोप. आता जो तो मेलवर कॅलेंडरचं आमंत्रण पाठवतो, खाली ‘यस, नो, मेबी’ची बटणं असतात. सोय आहे यात वाद नाही, पण काही गोष्टी डोक्यावरून जातात.

जर्मनीच्या बायरची दर मंगळवारी मीटिंग असते, आमच्या दुपारी अडीचला. मागच्या वर्षी मार्च संपता संपता ती आपोआप दीडला आली. आम्ही हात लावला नव्हता, बायर म्हणाला त्यानंही लावला नाही. दीड म्हणजे आमच्याकडं डबे उघडायची वेळ.

दुसरं, आमंत्रण येतं ऑफिसच्या ‘इन्फो’ आयडीवर. मी ते माझ्या जीमेलवर फॉरवर्ड करतो आणि फोनवरून ‘यस’ दाबतो. तरी समोरच्याचा मेल येतोच की तुमचं उत्तर आलं नाही.

तिसरं, ‘तुम्ही बक्षीस जिंकलात, इथे क्लिक करा’ अशा नोंदी थेट कॅलेंडरमध्ये उगवतात. मेल उघडलेलाही नसतो.

आणि सगळ्यात मोठी तक्रार काकांची: त्यांचा फोन महिन्यातून काही वेळा रात्री साडेअकराला वाजतो. शिवाय अमक्यानं स्वीकारलं, तमक्यानं नाकारलं अशा मेलांनी त्यांचा इनबॉक्स भरलेला.

ऑफिसचे आयडी गूगल वर्कस्पेसवर आहेत. समोरचे बहुतेक आउटलुकवाले. आमंत्रणागणिक मारामारी करायची नाहीये, सेटिंगं एकदा नीट लावून मोकळं व्हायचंय. कुठून सुरुवात करू?

कडक_भाकरी | सकाळी ११.५२

व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘उद्या ४ ला मीटिंग’ टाका की ओ. कशाला एवढा कुटाणा करायला लागलाव?

टेरीटॉवेल | सकाळी ११.५८

हॅम्बुर्गचा माणूस आमच्या ग्रुपवर येत नाही ओ. आला तर गुड मॉर्निंगचे फोटो बघून ऑर्डर कॅन्सल करेल.

जुळे_सोलापूरकर | दुपारी १२.२५

पुण्याच्या कंपनीचं काम जुळे सोलापुरात घरी बसून करतो, दिवसभर आमंत्रणांतच राहणं असतं. आधी एक गोष्ट: हे सगळं कॉम्प्युटरवर ब्राउझरमध्ये करा. फोनच्या ॲपमध्ये बरीच सेटिंगं दिसतच नाहीत आणि माणूस उगाच शोधत बसतो. उजवीकडं वर दातेरी चक्र, त्यात ‘सेटिंग्ज’.

अडीचचे दीड कसे झाले ते सांगतो. जर्मनीत मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास पुढं करतात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी परत मागं घेतात. आपल्याकडं ही भानगडच नाही, बारा महिने जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढं. म्हणून हिवाळ्यात जर्मनी आपल्यामागं साडेचार तास असते आणि उन्हाळ्यात साडेतीन. बायरनं मीटिंग ‘बर्लिनचे सकाळी १०’ अशी लावलीय. त्याच्यासाठी ती वर्षभर दहालाच असते. आपल्याकडं ती हिवाळ्यात २.३० ला पडते, उन्हाळ्यात १.३० ला. खरंच कुणी हात लावलेला नसतो.

अमेरिकेचे बायर असतील तर अजून एक गाठ. तिकडं घड्याळ मार्चच्या दुसऱ्या रविवारी बदलतं, म्हणजे यंदा येत्या ८ तारखेला. युरोपात २९ ला. मधले तीन आठवडे न्यूयॉर्कवाले सरकलेले आणि हॅम्बुर्गवाले जागेवर. तिघांची सामायिक मीटिंग असेल तर याच तीन आठवड्यांत कुणीतरी हमखास एक तास आधी किंवा उशिरा येऊन बसतो. ऑक्टोबरअखेर पुन्हा तोच खेळ एका आठवड्यासाठी, कारण अमेरिका नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी बदलते.

सेटिंग असं करा. ‘टाइम झोन’मध्ये तुमचा मुख्य झोन भारताचा म्हणजे कोलकाता आहे ना ते बघा. त्याखाली ‘डिस्प्ले सेकंडरी टाइम झोन’वर टिक करून बर्लिन निवडा. दोन्हींना छोटं लेबल देता येतं. मग कॅलेंडरच्या डाव्या कडेला दोन वेळा शेजारी-शेजारी दिसतात आणि बोटं मोजायची गरज उरत नाही. न्यूयॉर्कसाठी त्याच पानावर ‘वर्ल्ड क्लॉक’ आहे. आणखी एक टिक असते, ‘जागा बदलली तर मुख्य झोन बदलू का असं विचारा’. ती चालू ठेवा. काका प्रदर्शनासाठी फ्रँकफर्टला गेले तर कॅलेंडर स्वतःहून विचारतं.

नवी_पेठ | दुपारी १२.४१

बक्षिसवाल्या नोंदींचं मी सांगतो, दुकानाच्या आयडीवर तोच ताप होता. सेटिंग्जमध्ये ‘इव्हेंट सेटिंग्ज’, त्यात ‘ॲड इन्व्हिटेशन्स टू माय कॅलेंडर’. तिथं तीन पर्याय: कुणाकडूनही आलेलं लगेच दाखवा; पाठवणारा ओळखीचा असेल तरच दाखवा; मी मेलमध्ये उत्तर दिल्यावरच दाखवा. तुमचं पहिल्यावर असणार. दुसरं करा.

ओळखीचा म्हणजे कॉन्टॅक्टमध्ये असलेला, आपल्याच संस्थेचा किंवा आधी ज्याच्याशी मेल झालाय असा. नवीन बायरचं आमंत्रण हरवत नाही, मेल येतोच. त्यात ‘आय नो द सेंडर’ असं असतं, ते दाबलं की नोंद कॅलेंडरवर चढते.

आणि हो, फसव्या नोंदीवर ‘नो’ दाबू नका. ‘नो’ म्हणजे समोरच्याला गेलेलं उत्तर असतं. त्याला कळतं की हा पत्ता जिवंत आहे, इथं माणूस बसलाय. नोंद उघडून तीन टिंबांच्या मेन्यूत ‘रिपोर्ट ॲज स्पॅम’ आहे, ते वापरा.

कडक_भाकरी | दुपारी १२.४६

तिसरा पर्याय का नको? मी उत्तर दिल्याशिवाय काहीच दिसायला नको. माझं कॅलेंडर, माझी मर्जी.

नवी_पेठ | दुपारी १२.५०

कारण तुम्ही मेल वाचत नाही, हे इथं सगळ्यांना माहीत आहे.

आयसीएस_आजोबा | दुपारी २.१०

निवृत्त आहे, वेळ आहे, त्यामुळं फॉरवर्डच्या प्रश्नावर जरा सविस्तर.

हे आमंत्रण म्हणजे साधं पत्र नव्हे. मेलच्या पोटात आणखी एक मजकूर असतो, तो यंत्रासाठी. कधी ‘इन्व्हाइट.आयसीएस’ नावाची जोडफाइल म्हणून तो दिसतो. त्याची भाषा ठरलेली आहे: आयकॅलेंडर, आरएफसी (इंटरनेटच्या नियमांचा क्रमांकित दस्तऐवज) ५५४५, साल २००९, त्याआधीची आवृत्ती १९९८ ची. आमंत्रण, उत्तर, रद्द करणं यांचे नियम आरएफसी ५५४६ मध्ये, आणि हे सगळं मेलमधून कसं न्यायचं ते २०१० च्या आरएफसी ६०४७ मध्ये. गूगल आणि आउटलुक एकमेकांचं ऐकतात ते या सामायिक भाषेमुळं.

त्या मजकुरात प्रत्येक मीटिंगला एक कायमचा क्रमांक असतो, यूआयडी. सिव्हिल हॉस्पिटलच्या केसपेपरसारखं समजा: पुढं वेळ बदलो, जागा बदलो, क्रमांक तोच राहतो आणि नवा मेल आला की जुन्याच नोंदीत बदल होतो. सोबत ‘सीक्वेन्स’ नावाचा आकडा असतो, बदलागणिक वाढणारा. म्हणून मेल उलटसुलट क्रमानं पोचले तरी कॅलेंडरला शेवटचं कुठलं ते कळतं.

आता तुमची अडचण. त्याच मजकुरात पाहुण्यांची यादी असते, नावानं नाही तर ईमेल पत्त्यानं. यादीत ‘इन्फो’ आहे. तुम्ही फॉरवर्ड करून स्वतःच्या जीमेलवरून ‘यस’ दाबलं की उत्तर जातं ते यादीत नसलेल्या पत्त्यावरून. समोरचं कॅलेंडर म्हणतं, हे कोण? काही प्रणाली असं उत्तर सोडून देतात, काही तुम्हाला आगंतुक पाहुणा म्हणून यादीत जोडतात. ‘इन्फो’पुढं मात्र ‘उत्तर बाकी’ तसंच राहतं.

तेव्हा फॉरवर्ड करणं थांबवा. ‘इन्फो’चं खातंच फोनवर जोडा आणि त्यातून उत्तर द्या. कायमचा बायर असेल तर त्याला एकदाच लिहा की यापुढं यादीत माझाही पत्ता घाला. दुसरा मार्ग जास्त चांगला, कारण मीटिंग रद्द झाली तर तो मेलही थेट तुम्हालाच येईल.

टेरीटॉवेल | दुपारी २.३५

आजोबा, हे आजवर कुणी सांगितलं नव्हतं. बायरला मेल टाकतो. एक विचारू का, काही आमंत्रणं चक्क त्यांच्या घड्याळाची वेळ दाखवतात. एका कुरियर एजंटाच्या सॉफ्टवेअरचं ‘९ वाजता’ आमच्याकडं पण ९ लाच पडतं. बाकीच्यांचं बरोबर बदलून येतं.

आयसीएस_आजोबा | दुपारी २.५५

त्यात तुमच्या सेटिंगचा काही संबंध नाही. वेळ लिहायच्या तीन पद्धती आहेत. एक, जागतिक वेळ, शेवटी झेड अक्षर लावून. दोन, झोनच्या नावासकट, म्हणजे ‘युरोप/बर्लिनचे १०’. तीन, नुसतीच वेळ, झोन न सांगता. या तिसरीला तरंगती वेळ म्हणतात आणि ती जो वाचेल त्याच्या घड्याळाची धरली जाते. ‘सकाळी ७ ला औषध’ अशा नोंदीला ती ठीक. माणूस कुठंही असो, तिथल्या सातला घ्यावं. परदेशातल्या माणसाशी मीटिंगला ती घातक. एजंटाला कळवा की तुमच्या फाइलमध्ये टाइम झोन नाही. बस, एवढंच वाक्य. त्यांच्या माणसाला समजेल.

विभागप्रमुख | दुपारी ३.२०

चांगला धागा. कॉलेजात आम्ही आउटलुक वापरतो, म्हणून ती बाजू मांडतो; बायरला मदत करायची वेळ आली तर उपयोगी पडेल.

जुन्या डेस्कटॉप आउटलुकमध्ये फाइल, ऑप्शन्स, मग ‘कॅलेंडर’. तिथं कामाचे तास, कामाचे दिवस, आठवड्याचा पहिला वार, आणि आठवणीची घंटी, जी मुळात १५ मिनिटांवर असते. स्वीकारलं-नाकारलंच्या मेलांचा उपाय मात्र तिथं नाही, तो ‘मेल’ विभागात ‘ट्रॅकिंग’खाली लपलेला आहे: उत्तराची नोंद घ्या आणि ज्यात काही लिहिलेलं नाही असे उत्तराचे मेल काढून टाका, अशा अर्थाची एक टिक. ती केली की कोण येणार हे मीटिंगमध्ये दिसत राहतं आणि इनबॉक्समध्ये फक्त ज्यांनी दोन शब्द लिहिलेत तेवढीच उत्तरं उरतात. अभ्यासमंडळाच्या बैठकीचं आमंत्रण काढलं की प्रत्येक सदस्याच्या उत्तराचा एकेक मेल. त्या टिकेनं मोठा आराम पडला.

आपोआप स्वीकारायचीही सोय आहे. ती माणसासाठी वापरू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. सभागृह किंवा प्रोजेक्टर यांच्या कॅलेंडरला ती शोभते. माणसानं न वाचता होकार देणं म्हणजे होकाराची किंमत घालवणं.

जुळे_सोलापूरकर | दुपारी ३.४५

सरांशी सहमत. गूगलमध्ये काकांच्या मेलांसाठी: डाव्या बाजूला ‘सेटिंग्ज फॉर माय कॅलेंडर्स’खाली काकांचं नाव, त्यात ‘अदर नोटिफिकेशन्स’. नवीन नोंद, बदललेली, रद्द झालेली, पाहुण्यांची उत्तरं, रोजचा अजेंडा अशा ओळी दिसतील. प्रत्येकीपुढं ‘नन’ किंवा ‘ईमेल’. उत्तरांपुढं ‘नन’ करा. रद्द आणि बदल यांपुढं ‘ईमेल’ राहू द्या, तिथं कंजुषी नको.

रोजचा अजेंडा चालू करा, काकांना आवडेल. दिवसभरात काय-काय आहे त्याचा एकच मेल पहाटे पाचला येतो. त्या पिढीतली माणसं तेव्हा उठलेलीच असतात.

साडेअकराच्या घंटीबद्दल एक प्रश्न. काकांच्या कॅलेंडरवर ‘पूर्ण दिवस’ म्हणून टाकलेल्या नोंदी आहेत का?

टेरीटॉवेल | दुपारी ३.५८

आहेत की. जीएसटीच्या तारखा मीच टाकल्यात, ११ आणि २०. शिवाय कंटेनर लागायचे दिवस.

जुळे_सोलापूरकर | दुपारी ४.०४

मग सापडलं. पूर्ण दिवसाची नोंद रात्री बाराला सुरू होते. त्यावर ‘३० मिनिटं आधी’ची घंटी लागली की आदल्या रात्रीचे साडेअकरा. १० तारखेला आणि १९ तारखेला वाजतो का, विचारा काकांना.

पूर्ण दिवसाच्या नोंदींसाठी घंटीचं सेटिंग वेगळं असतं, ‘ऑल-डे इव्हेंट नोटिफिकेशन्स’. त्यात ‘एक दिवस आधी, संध्याकाळी ५’ किंवा जी वेळ सोयीची ती लावा. एक बारीक गोष्ट: पूर्ण दिवसाची नोंद बहुधा ‘फ्री’ म्हणून पडते, म्हणजे त्या दिवशी तुम्ही मोकळे आहात असंच बाहेरच्याला दिसतं. जीएसटीच्या तारखेला ते ठीक. कंटेनरच्या दिवशी नोंद उघडून ‘बिझी’ करा, नाहीतर लोक त्याच दिवशी मीटिंगा ठोकतात.

टेरीटॉवेल | दुपारी ४.२०

काका शेजारीच बसलेत. म्हणाले, “हो, दहा आणि एकोणीस. मला वाटलं जीएसटीवाल्यांनीच लावलाय गजर.”

पाण्याची_पाळी | संध्याकाळी ५.१५

अवांतर आहे पण राहवत नाही. आमच्या सोसायटीत पाणी यायचा दिवस मी कॅलेंडरवर टाकलाय. ‘कस्टम’ रिपीटमध्ये ‘दर ५ दिवसांनी’ लावता येतं. अडचण अशी की मध्ये एक पाळी चुकली, जलवाहिनी फुटली वगैरे, की पुढच्या सगळ्या तारखा चुकतात. दर वेळी पुसून नव्यानं टाकतो. दुसरा उपाय आहे का?

जुळे_सोलापूरकर | संध्याकाळी ५.३०

अवांतर कसलं, हा तर सोलापूरचा मुख्य विषय.

पुसू नका. चुकलेल्या पाळीची नोंद धरून पुढच्या तारखेवर न्या. कॅलेंडर विचारतं: फक्त ही, ही आणि पुढच्या, की सगळ्या? ‘धिस अँड फॉलोइंग’ निवडा. मागचा इतिहास तसाच राहतो, पुढची साखळी नव्या तारखेपासून पाचाच्या हिशोबानं चालू होते.

आणि स्वतःच्या कॅलेंडरवर कशाला? ‘पाणी’ नावाचं वेगळं कॅलेंडर तयार करा आणि सोसायटीतल्यांना शेअर करा. यात खरी गंमत अशी की नोंद सगळ्यांची एक, पण घंटी प्रत्येकाची स्वतःची. तुम्ही पहाटे चारला लावा, तिसऱ्या मजल्यावरचे आदल्या रात्री लावतील, ज्यांना बोअर आहे ते बंद ठेवतील. कुणाच्या घंटीचा दुसऱ्याला त्रास नाही. बदल करायचा अधिकार मात्र एका-दोघांनाच द्या. बाकीच्यांना फक्त बघायचा.

कडक_भाकरी | संध्याकाळी ५.३८

हे मात्र लई भारी काम सांगितलं ओ. ग्रुपवर ‘पाणी आलं का’ची शंभर मेसेज वाचतील.

फिजिओताई | रात्री ८.५०

दवाखाना सात रस्त्याला. माझा प्रश्न उलट्या बाजूचा आहे. पेशंटना मी आमंत्रण पाठवत नाही, त्यांनीच वेळ निवडावी असं हवंय. दुपारी १ ते ४.३० दवाखाना बंद, गुरुवारी संध्याकाळी सुट्टी, दोन पेशंटच्या मध्ये टेबल आवरायला थोडा वेळ. आणि रिसेप्शनवरच्या मुलीला वेळा दिसाव्यात, पण माझ्या घरच्या नोंदी नकोत.

जुळे_सोलापूरकर | रात्री ९.२०

ताई, गूगलमध्ये ‘अपॉइंटमेंट शेड्यूल’ आहे. साध्या मोफत खात्यालाही एक बुकिंग पान मिळतं. एका दिवसात दोन तुकडे टाकता येतात, सकाळ वेगळी, संध्याकाळ वेगळी. गुरुवारचा दुसरा तुकडा काढून टाका. ‘बफर टाइम’मध्ये दहा-पंधरा मिनिटं, ‘मॅक्सिमम बुकिंग्ज पर डे’मध्ये तुमची मर्यादा. किती तास आधीपर्यंत आणि किती दिवस पुढचं बुक करता येईल तेही ठरवा, नाहीतर कुणीतरी पाच मिनिटं आधी बुक करून दारात उभा. पेशंटनं वेळ निवडली की दोघांच्या कॅलेंडरवर नोंद होते आणि त्याला मेल जातो. तुमच्या कॅलेंडरवर आधीच ‘बिझी’ असलेली वेळ पानावर दिसत नाही. म्हणून घरचं कामही कॅलेंडरवर टाकत जा.

विभागप्रमुख | रात्री ९.४०

रिसेप्शनसाठी दवाखान्याचं वेगळं कॅलेंडर करून तेवढंच शेअर करा. स्वतःचं मुख्य कॅलेंडर द्यायचंच असेल तर ‘सी ओन्ली फ्री/बिझी’ एवढीच परवानगी: वेळ अडलेली दिसते, कशासाठी ते दिसत नाही. पेशंटचं नाव आणि दुखणं नोंदीच्या शीर्षकात लिहू नका, असं आग्रहानं सांगेन. शीर्षक फोनच्या बंद पडद्यावरही झळकतं.

फिजिओताई | रात्री ९.५२

शीर्षकाचा मुद्दा पटला. नुसती आद्याक्षरं ठेवते. धन्यवाद दोघांना.

टेरीटॉवेल | ६ मार्च, सकाळी १०.३०

कालचं बहुतेक लावून झालं. आता घरात वाद सुरू. नवीन वर्षाची बायरबरोबरची मालिका मी आमच्या बाजूनं बनवणार आहे. काका म्हणतात, सोलापूरच्या वेळेनं लाव, आपण का सरकायचं? मी म्हणतो बायरच्या वेळेनं.

आयसीएस_आजोबा | सकाळी ११.०५

मालिकेचा झोन जो असेल त्याच्या घड्याळात ती स्थिर राहते, दुसऱ्यानं सरकायचं. नोंद बनवताना वेळेशेजारी ‘टाइम झोन’ची दुवा-ओळ असते, तिथं ठरतं. काहीच केलं नाही तर बनवणाऱ्याचा झोन लागतो.

काकांचा स्वाभिमान समजतो. पण हॅम्बुर्गच्या माणसाची मंगळवारी नऊला आणि अकराला आणखी कुणाबरोबर मीटिंग असणार. आपण त्याची वेळ सरकवली की तो वर्षातून दोनदा कुठल्यातरी दुसऱ्या मीटिंगवर आदळणार. तुमचा प्रश्न जेवणाच्या सुट्टीचा आहे, आणि जेवणाची सुट्टी तुमच्या हातात आहे. माझं मत बर्लिनला.

कडक_भाकरी | सकाळी ११.१२

जेवण सरकवायचं? सोलापुरात? आजोबा, तुम्ही नक्की इथलेच ना ओ?

नवी_पेठ | सकाळी ११.३०

काकांना सांगा, उन्हाळ्यात दीडला मीटिंग आणि दोनला जेवण. एप्रिल-मेमधल्या उन्हात नाहीतरी कुणाला लवकर भूक लागते?

बरं, गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसांचं काय करता? आमचं दुकान संक्रांतीच्या आसपास अर्धं बंदच असतं आणि नेमकं तेव्हाच कंपनीवाले मीटिंग टाकतात.

जुळे_सोलापूरकर | सकाळी ११.५०

कंपनीच्या खात्यावर ‘आउट ऑफ ऑफिस’ नावाची वेगळी नोंद असते. ती टाकली की त्या वेळेतली आमंत्रणं आपोआप नाकारली जातात आणि तुम्ही लिहिलेला निरोप जातो. सिद्धेश्वर यात्रेला ती वार्षिक लावता येते, कारण संक्रांत इंग्रजी तारखेला धरून, १४ किंवा १५ जानेवारी. त्यामुळं अक्षता सोहळा आणि होम मैदानाचे दिवसही एखाद्या दिवसाच्या फरकानं तिथंच. गणपती, दिवाळीला मात्र ‘दर वर्षी’ लावू नका. त्या तिथीनं येतात, पुढच्या वर्षी नोंद भलत्याच दिवशी बसेल. त्यांच्यासाठी भारतातल्या सुट्ट्यांचं तयार कॅलेंडर जोडून घ्या.

निरोप एका ओळीचा ठेवा. मागं एकानं यात्रेचा अख्खा कार्यक्रम इंग्रजीत लिहून लावला होता. क्लायंटनं तो वाचून फोटो मागवले, ही गोष्ट वेगळी.

टेरीटॉवेल | दुपारी १.०५

काका बर्लिनला तयार झाले. अट एकच, की यंदाचा ३१ मार्च सोडून. मंगळवारच येतोय, घड्याळ बदलल्यावरची पहिली मीटिंग, आणि आमच्याकडं वर्षअखेरची धावपळ. सध्याची मालिका बायरनं बनवलेली आहे, मला वेळ बदलता येत नाही. रद्द पण नको, दुसऱ्या दिवशी हवीय. मेल लिहू का?

आयसीएस_आजोबा | दुपारी १.२०

मेल लिहायची गरज नाही. फक्त ३१ तारखेची नोंद उघडा आणि उत्तराच्या बटणाजवळ ‘प्रपोझ अ न्यू टाइम’ शोधा. १ एप्रिलची वेळ निवडा, एक ओळ लिहा, पाठवा. त्याच्या आउटलुकला ते प्रतिप्रस्ताव म्हणून पोचतं, मान्य केलं की सगळ्यांच्या कॅलेंडरवर तेवढी एकच नोंद हलते, बाकी मालिका जागेवर. ‘इन्फो’च्या खात्यातूनच पाठवा. आणि कारण लिहा हो, नाहीतर १ एप्रिलचं निमंत्रण बघून त्याला थट्टा वाटायची.

टेरीटॉवेल | दुपारी ४.४०

पाठवलं होतं, आत्ता मान्य होऊन आलं. १ एप्रिल, आमचे अडीच, त्याचे अकरा.